कॅराव्हॅज्योचा अंधार काळा का वाटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईचा एक मुलगा पॅरिशच्या (तिथल्या चर्चच्या) हॉलसाठी ‘पेत्राचा नकार’ (येशूला पकडल्यावर, तू त्याच्यातलाच ना असं दासी आणि इतर विचारतात, आणि त्याचा शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणतो) हा प्रसंग ऑइलमध्ये करतोय, कॅनव्हास 4 बाय 3 फूट. बॅकग्राउंडला सरळ आयव्हरी ब्लॅक मारला, पेत्राच्या चेहऱ्यावर वरून जोरदार लाइट टाकला, दासीच्या हातात दिवा दिला, आणि तरी चित्र सिनेमाच्या पोस्टरसारखं दिसतंय. त्याचं म्हणणं, सर, 400 वर्षांपूर्वीच्या त्या इटालियन चित्रकाराकडे, कॅराव्हॅज्योकडे पण काळंच आहे ना सगळं, मग त्याचं जिवंत आणि माझं मेलेलं का?

प्रश्न फार चांगला आहे, आणि मी 30 वर्षं पोर्ट्रेट आणि फिगर करतोय, त्यातली सुरुवातीची बरीचशी वर्षं मी हीच चूक केली, म्हणून जरा लांबण लावून सांगतो. तुझं चित्र आपण शेवटी घेऊ. आधी एकच चित्र नीट बघू, ‘मत्तयाला पाचारण’, कारण प्रकाश, रंग आणि नाट्य या तिन्ही गोष्टी एकमेकांत कशा अडकवायच्या हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही असं माझं मत आहे.

हे चित्र रोममध्ये आहे, पियाझ्झा नवोना या चौकापासून चालत दोनतीन मिनिटांवर सान लुइजी देइ फ्रांचेझी नावाचं फ्रेंच लोकांचं चर्च आहे, तिथे डावीकडच्या शेवटच्या चॅपेलमध्ये. चॅपेल घेतलं होतं मात्तेओ कोंतारेल्ली या फ्रेंच कार्डिनलने, तो 1585 मध्ये वारला, त्याचं नाव मात्तेओ म्हणून सगळी चित्रं संत मत्तयाची. काम बरीच वर्षं रखडलं, छतावरची फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावरची चित्रं) दुसऱ्याने केली, आणि शेवटी 1599 च्या जुलैमध्ये बाजूच्या भिंतींची दोन चित्रं कॅराव्हॅज्योला मिळाली, 400 स्कूदीला (स्कूदी म्हणजे तिथलं त्या काळचं नाणं). वय 27. इतकं मोठं, इतक्या माणसांचं, आणि लोकांसमोर कायमचं राहणारं काम त्याने त्याआधी केलंच नव्हतं, कॅनव्हास साधारण सव्वातीन मीटर उंच आणि त्याहून थोडा जास्त रुंद. 1600 हे ज्युबिली, म्हणजे चर्चचं पवित्र वर्ष, रोममध्ये जगभरातून यात्रेकरू येणार, म्हणजे परीक्षा किती मोठी होती बघ.

प्रसंग तुला पाठ असेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एका ओळीत येतो, येशू जाताना जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला बघतो, माझ्यामागे ये म्हणतो, आणि तो उठून मागे जातो. संपलं. आता कोंतारेल्लीने चित्रासाठी लेखी सूचना ठेवल्या होत्या, त्यात असं होतं की जकातीची खोली दाखवा, टेबल, वह्या, पैसे मोजणं चाललेलं, आणि मत्तय ओढीने उठून प्रभूकडे निघालेला दाखवा. कॅराव्हॅज्योने खोली दाखवली, टेबल दाखवलं, वही, दौत, नाणी सगळं दाखवलं, पण मत्तयाला उठवलं नाही! तो बसलेला आहे. त्याचा एक हात अजून टेबलावर नाण्यांपाशी आहे. म्हणजे सांगितलेल्या क्षणाच्या एक सेकंद आधी त्याने चित्र थांबवलं. माझं सगळं उत्तर या एका सेकंदाबद्दल आहे, कारण त्या चित्रातला प्रकाश हा सेकंद धरून ठेवण्यासाठी आहे, ‘इफेक्ट’साठी नाही.

कसं ते बघ. उजवीकडून दोन माणसं आत आलीयत, येशू आणि पेत्र, अनवाणी, जुन्या काळच्या अंगवस्त्रांत. डावीकडे टेबलाभोवती पाच जण, ते मात्र 1600 सालच्या रोममधले वाटावेत असे, टोप्यांना पिसं, पट्ट्यापट्ट्यांच्या बाह्या, एकाच्या कमरेला तलवार. प्रकाश येतो उजवीकडून वरून, येशूच्या डोक्यावरून, भिंतीवर एक तिरकी कडा पडते आणि ती कडा सरळ टेबलाकडे उतरते. आता माणसं क्रमाने वाच. सगळ्यात जवळचा, आपल्याकडे पाठ करून बाकावर टांग टाकून बसलेला, तो वळलाय, जवळजवळ उठायच्या बेतात. त्याच्यासमोरचा पिवळ्या-लाल कपड्यातला कोवळा पोरगा, त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण उजेड, तो बघतोय पण अंग मागे, दाढीवाल्याच्या खांद्यावर रेललेलं. मग दाढीवाला, त्याने बोट दाखवलंय, मी? आणि सगळ्यात डावीकडे चष्मा लावलेला म्हातारा आणि मान खाली घालून पैसे मोजणारा तरुण, या दोघांना अजून पत्ताच नाही. म्हणजे बातमी उजवीकडून डावीकडे सरकतेय आणि ती अर्ध्या टेबलापर्यंतच पोचलीय. पण उजेड पोचलाय शेवटपर्यंत, त्या मोजणाऱ्या पोराच्या हातांवर पण पडलाय, फक्त त्याने मान वर केलेली नाही. उजेड सगळ्यांवर पडतो, दिसतो काहींनाच. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वहीत रेघोट्या मारत बसलो होतो आणि पुढचा अर्धा तास काहीही काढू शकलो नाही.

त्या बोटावरून बराच वाद आहे. काही अभ्यासक म्हणतात ते बोट स्वतःकडे नाहीच, शेजारी मान घालून बसलेल्या तरुणाकडे आहे, आणि मत्तय तो आहे. बोटाची दिशा खरंच तशी वाचता येते, मी नाही म्हणत नाही. पण मला दाढीवालाच मत्तय वाटतो, एकतर समोरच्या भिंतीवर आणि वेदीवर जो मत्तय आहे तो पण वयस्कर दाढीवालाच आहे, आणि दुसरं म्हणजे चित्रकार म्हणून सांगतो, ज्या चेहऱ्याकडे तुम्ही प्रकाशाची कडा आणि तीन हात नेऊन पोचवता तो चेहरा तुम्ही साक्षीदाराला देत नाही.

हातांचं बोलायचं तर येशूचा हात बघ. हुकूम देणारा ताठ हात नाहीये तो, मनगटातून सैल आहे, बोटं थोडी वाकलेली. सिस्टीन चॅपेलच्या छतावर देव आदामाला, म्हणजे पहिल्या माणसाला, घडवतो त्या चित्रात मायकेलअँजेलोने आदामाचा जो हात काढलाय त्याच्याशी तो इतका जुळतो की त्या काळच्या रोममधल्या जाणकारांना ओळखू आला नसेल असं वाटत नाही. देवाच्या हाताशी नाही, आदामाच्या. येशू हा दुसरा आदाम, ही श्रद्धा त्या मनगटात आहे. आणि त्या हाताच्या खाली पेत्र तसाच हात करतोय, जरा अडखळत, शिकाऊ माणसासारखा. एक्स-रेमध्ये दिसलंय की पेत्र आधी नव्हताच, येशू एकटा पूर्ण उभा होता, पेत्र नंतर त्याच्यावर रंगवला. म्हणजे स्वतःच रंगवलेला येशू त्याने झाकला! आता येशूचा फक्त चेहरा आणि हात उरला, बाकी पेत्राच्या पाठीमागे. जास्त दिसणारा येशू कमी बोलत होता म्हणून झाकला, असं मी धरतो. तू तुझ्या चित्रात काय झाकू शकतोस याचा विचार कर, काय उजळवू शकतोस याचा नंतर.

आणि अजून एक, खाली पाय बघ. येशूचे पाय आधीच बाहेरच्या दिशेला वळलेत. बोलावलंय आणि निघालाय सुद्धा, थांबणार नाहीये. म्हणजे मत्तयाकडे खरंच तेवढाच वेळ आहे.

आता प्रकाश येतो कुठून? चित्रात खिडकी आहे, मोठी, वरती मधोमध, आणि बहुतेक लोक पटकन म्हणतात की तिथून. नाही. त्या खिडकीला तेलकट कागदासारखं काहीतरी मळकट लावलंय, तिच्यातून उजेड येतच नाही, तिचं काम फक्त चौकटीचा क्रूस दाखवायचा आणि तो नेमका येशूच्या हाताच्या वर. उजेड येतो चित्राच्या बाहेरून, उजवीकडून. आणि हे चित्र चॅपेलच्या डाव्या भिंतीवर आहे, म्हणजे चित्राची उजवी बाजू वेदीकडे, आणि वेदीच्या वर चॅपेलची खरी खिडकी आहे. येशू वेदीच्या बाजूने आत येतो आणि त्याच्याबरोबर त्याच दिशेचा उजेड. समोरच्या भिंतीवर मत्तयाच्या हौतात्म्याचं चित्र आहे त्यात प्रकाश उलट डावीकडून, म्हणजे परत वेदीकडूनच. ही हिशेबाची गोष्ट आहे, चित्र कुठे लागणार हे ठरल्यावर प्रकाश ठरला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे नाणं टाकायचं मशीन होतं, नाणं टाकलं की दिवे लागायचे आणि थोड्या वेळाने खट्‌ करून बंद. लोक दिवे बंद झाले की निघून जायचे. मी थांबलो, डोळे सरावायला पाचसात मिनिटं गेली, आणि मग हळूहळू आधी ती भिंतीवरची तिरकी कडा आली, मग पिवळी बाही, मग येशूचा हात. चेहरे सगळ्यात शेवटी. विजेच्या दिव्यात सगळं एकदम दिसतं म्हणून तो क्रमच कळत नाही. शिवाय तुम्ही कठड्याबाहेर उभे असता, चित्राच्या समोर उभं राहताच येत नाही, तिरकंच दिसतं, तुमच्या सगळ्यात जवळ असतो तो पैसे मोजणारा पोरगा आणि येशू सगळ्यात लांब. फोनवरचा फोटो समोरून काढलेला असतो, त्यात ही गोष्ट मरते.

बरं, आता अंधार. तुझा मुख्य प्रश्न.

कॅराव्हॅज्यो पांढऱ्या कॅनव्हासवर काम करत नव्हता. आधी पूर्ण कॅनव्हासवर गडद तपकिरी ग्राउंड, म्हणजे सगळ्यात खालचा थर, त्याच्यावर उजेड चढवत जायचा. म्हणजे अंधार हा त्याने नंतर भरलेला नाही, अंधार आधीपासून होता आणि त्यातून माणसं बाहेर काढली. तू उलटं केलंस, पांढऱ्यावर माणसं काढलीस आणि मग उरलेली जागा काळ्याने भरलीस, म्हणून फिगर कापून चिकटवल्यासारखी दिसते. त्याच्या कित्येक चित्रांत, नंतरच्यात तर जास्तच, उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे हे ग्राउंड तसंच उघडं ठेवलेलं असतं, तोच हाफटोन, वेगळा रंग मिसळून लावलेला नाही. गालाची कडा जिथे अंधारात जाते तिथे कडा नसतेच, ती हरवलेली असते, डोळा ती स्वतः पूर्ण करतो. तुझ्या पेत्राला कानापासून खांद्यापर्यंत अखंड रेघ दिसतेय मला. ती पुसायची आहे.

दुसरं, त्याच्या सावल्या पातळ आणि पारदर्शक असतात, उजेड जाड आणि अपारदर्शक. पातळ गडद रंगातून नजर आत जाते, खोली जाणवते, जाड काळ्यावर नजर आपटते आणि परत येते. आयव्हरी ब्लॅक ट्यूबमधून सरळ लावू नकोस. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळ, कधी त्यात थोडं अलिझरिन, आणि जिथे माणसाच्या जवळचा अंधार आहे तिथे गरम ठेव, लांब गेला की जरा थंड. तीन पातळ थर, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. वेळ लागतो, पण एका थरात ते येतच नाही. उजेडाला तो लेड व्हाइट वापरायचा, ते विषारी आहे, तू टायटॅनियमच वापर पण ते फार थंड आणि खडूसारखं दिसतं, त्यात चिमूटभर यलो ऑकर टाक.

रंगाचं लोकांना वाटतं त्याच्याकडे रंगच नाहीत. आहेत, पण थोडे. पांढरा, लेड-टिन यलो, ऑकर, लाल, थोडा हिरवा, अंबर, काळा, जवळजवळ एवढ्यावर. निळा आणि झगझगीत लाल हे रंगांमधलं विष आहे असं तो म्हणायचा आणि वापरलेच तर दाबून वापरायचा, असं नंतरच्या काळात त्याचा चरित्रकार बेल्लोरीने लिहून ठेवलंय. ‘पाचारण’मध्ये पिवळा आणि लाल कुठे आहेत बघ, त्या कोवळ्या पोराच्या अंगावर, टेबलाच्या मधोमध, मत्तयाला चिकटून. जगातली सगळी चमक, पोशाख, पैसा, मौज एका बाहीत. आणि येशू-पेत्राच्या अंगावर काय, विटलेले, मातकट. म्हणजे रंग टेबलाकडे ओढतो आणि प्रकाश दाराकडे. मत्तय मधे अडकलाय. रंगाने नाट्य करायचं म्हणजे हे, प्रत्येकाला वेगळा रंगीत झगा घालणं नव्हे! तुझ्या चित्रात पेत्र निळा, दासी लाल, शिपाई हिरवा असं आहे, तिघेही सारखंच ओरडतायत. एकालाच बोलू दे.

आणि लक्षात ठेव, रंग सगळ्यात जास्त रंगीत कुठे दिसतो? हायलाइटमध्ये नाही, तिथे तो फिका होतो. सावलीत पण नाही. उजेड असलेल्या भागाच्या मधल्या टोनमध्ये. आपल्याकडची पोरं हायलाइटमध्येच रंग ओततात आणि मग प्लास्टिकसारखं दिसतं.

तो मॉडेल समोर बसवून करायचा, त्याची रेखाटनं एकही सापडलेली नाहीत, अनेक कॅनव्हासवर मात्र ओल्या ग्राउंडमध्ये टोकदार वस्तूने मारलेल्या खुणा सापडतात, डोकं इथे, खांदा इथे, म्हणजे मॉडेल उठून गेलं तरी परत त्याच जागी बसवता यावं. जूलियो मांचीनी नावाचा एक डॉक्टर त्या काळात चित्रांवर लिहायचा, तो सांगतो की या पद्धतीत एकच उजेड वरून, परावर्तन नाही, जणू एकच खिडकी आणि भिंती काळ्या रंगवलेली खोली. या ‘परावर्तन नाही’ला फार महत्त्व आहे. तुझी खोली पांढरी असणार, लाइट एकीकडून टाकलास तरी भिंतीवरून उसळून सावलीत शिरतो आणि सावली राखाडी होते, मग तू ती काळी करायला जातोस. भिंतीला काळं कापड लाव, जमिनीवर पण टाक. 1605 मध्ये कॅराव्हॅज्योच्या घरमालकिणीने त्याच्यावर दावा लावला होता, भाडं थकवलं आणि छत फोडलं म्हणून, आणि बऱ्याच जणांचा अंदाज आहे की ते छत त्याने उजेडासाठीच उघडलं. मला तो अंदाज पटतो.

हे सगळं त्याला पहिल्या झटक्यात जमलं असं समजू नकोस. समोरच्या हौतात्म्याच्या चित्राचा एक्स-रे केला तर खाली आधीचे प्रयत्न सापडतात, लहान लहान आकृत्या, मागे इमारत, सगळं रद्द करून वरून नवीन रंगवलंय. आणि वेदीसाठी जो मत्तय त्याने आधी दिला तो नाकारला गेला, मग 1602 मध्ये दुसरा केला तो आता तिथे आहे. नाकारलेला विन्चेंझो जुस्तिनियानी या चित्रसंग्राहकाने विकत घेतला, पुढे तो बर्लिनला गेला आणि 1945 मध्ये नष्ट झाला, त्याचे आता कृष्णधवल फोटो तेवढे उरलेत, रंग गेले ते गेलेच. मला याचं आजही वाईट वाटतं.

आता तुझा दिवा. दासीच्या हातातला दिवा चित्रात दिसतोय आणि वरून वेगळा लाइट पण आहे, म्हणजे दोन उगम. डोळा गोंधळतो, कुणावर विश्वास ठेवू? दिवा चित्रात दाखवणं चूक नाही. सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तू फोटोत तरी पाहिलं असशील, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगात, साडीतली बाई दिवा घेऊन उभी आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकलेली, बोटं आतून लालसर झालेली. तिथे प्रकाश हाच विषय आहे म्हणून दिवा हवा, आणि तरी ज्योत त्यांनी झाकली बघ! नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा चित्रकार होन्थोर्स्ट रोमला आला, कॅराव्हॅज्योची चित्रं बघून गेला आणि मेणबत्तीची चित्रं करत राहिला, तो पण बऱ्याचदा ज्योतीच्या पुढे कुणाचा तरी हात नाहीतर दंड आणतो. उघडी ज्योत चित्रातली सगळ्यात उजळ जागा होते आणि मग पेत्राचा चेहरा दुसऱ्या नंबरवर जातो. तुझ्या प्रसंगात विषय दिवा नाही, विषय आहे तो चेहरा ज्याला आत्ता खोटं बोलायचंय.

हाच प्रसंग कॅराव्हॅज्योने स्वतः आयुष्याच्या शेवटी, 1610 च्या आसपास केलाय, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तीनच माणसं, कंबरेपर्यंत. शिपाई, दासी, पेत्र. शिपायाचा चेहरा जवळजवळ सगळा अंधारात, दासीवर शिरस्त्राणाच्या सावलीने कापलेला उजेड, आणि पेत्रावर पूर्ण. शिपायाचं एक बोट आणि दासीची दोन, तिन्ही पेत्राकडे, तीन नकार तीन बोटांत, असं त्याचं वाचन करतात. आणि पेत्राचे दोन्ही हात स्वतःच्या छातीकडे वळलेले. कोंबडा नाही, अंगण नाही, येशू नाही. ‘पाचारण’मधलं मत्तयाचं ‘मी?’ आठव, आणि दहा वर्षांनी हे पेत्राचं ‘मी?’ बघ. हात तसाच स्वतःकडे, अर्थ बरोबर उलटा.

तेव्हा तुझा कॅनव्हास फेकू नकोस. काळ्यावर बारीक सॅंडपेपर फिरव, मास्क लावून, आणि ते पूर्ण बर्न्ट अंबरच्या पातळ थराने एकसारखं झाक, माणसांसकट, चेहरे पण जाऊ दे. वाळायला आठवडा दे. तोवर भिंतीला काळं कापड लावून घरातल्या कुणालातरी एका खिडकीसमोर बसव, खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने बंद कर म्हणजे उजेड वरूनच येईल, आणि त्याला विचार की काल अमुक ठिकाणी तूच होतास ना, आणि तो नाही म्हणताना त्याचे हात कुठे जातात ते बघ. चेहरा नको, आधी फक्त हात, कागदावर, पाचपन्नास वेळा. जो हात ‘नाही’ म्हणायच्या आधीच्या सेकंदाचा असेल तो कॅनव्हासवर घे. मग त्याच्या मागून पेत्र हळूहळू उजेडात आण, आणि थांबायचं कुठे हे कळलं नाही तर मला फोटो पाठव, पण दिवसाच्या उजेडात काढलेला, फ्लॅश न मारता.